ओहोटीचे एकसष्ट खर्डे

लिफाफा सकाळीच आला होता, पण तिने तो जेवणाच्या सुट्टीत फोडला, आणि आतला कागद वाचून झाल्यावर उरलेली सुट्टी ती नुसती बसून राहिली. कागद म्हणजे एका पानाची छायाप्रत. पाच-पाच रेघांच्या ओळी, त्यांवर पेन्सिलीने टिपलेले सूर, आणि मधोमध एकाच जागी इतकी खाडाखोड की यंत्राने तिथे नुसता काळा डाग उमटवला होता. सोबत संगीत अकादमीच्या ग्रंथपाल बाईंची चिठ्ठी. 'तुमच्या वडिलांच्या कागदांत हे पान निघालं. खाली डावीकडे १०१.४, १०२, १०१.८ असे आकडे आहेत. हे लयीचं काही माप असावं का? आमच्या जाणकारांना लागत नाहीये. तुम्हाला काही सांगता आलं तर बघा.' ते लयीचं माप नव्हतं. तो आईचा ताप होता. सकाळ, दुपार, संध्याकाळ. हे तिला पहिल्या नजरेतच कळलं आणि त्याचं तिला फारसं काही वाटलंही नाही. त्या वर्षी घरातल्या प्रत्येक कागदावर आईचा ताप असायचा, वर्तमानपत्राच्या कडेला, विजेच्या बिलाच्या पाठीवर. ती हादरली ती उजव्या कोपऱ्यातल्या तारखेने. बाबांच्या तिरप्या, घाईच्या अक्षरात लिहिलेली तारीख. त्या दिवशी तिला सतरावं वर्ष पूर्ण होऊन दोन दिवस झाले होते.

ती दातांच्या कवळ्या करायची. शहरातल्या बारा-पंधरा दंतवैद्यांचे साचे तिच्या टेबलावर यायचे, ती त्यांत मेण ओतायची, मेणात दात बसवायची, चावा जुळतो का बघायची, जुळायचा नाहीच, मग घासायची. हे काम ती तेहतीस वर्षं करत होती. तिच्या बोटांची कातडी पांढऱ्या पुडीने खरखरीत झालेली होती आणि तिला त्याचं काही वाटत नसे. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने विचारलं, "काय गं, कुणी गेलं का?" ती म्हणाली, "नाही. कुणीतरी आलंय." आणि आपण हे असं का बोललो ते तिचं तिलाच कळलं नाही.

सतरा पूर्ण होऊन दोन दिवस. त्या दिवशी तिने बाबांना वही दाखवली होती. लहानशी रचना, पियानोसाठी, वाजवायला फार तर चार मिनिटांची. चार महिने ती तिच्या मागे होती. शाळेच्या बाकावर बोटांनी वाजवायची, आंघोळीला बसली की पाणी गार होईपर्यंत त्यातच. शेवटच्या पानाच्या आधीचं पान तिला जमत नव्हतं. तीनदा खोडलं, चौथ्यांदा लिहिलं, ते ठेवलं. बाबा स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले होते. आतल्या खोलीत आई झोपली होती. त्यांनी वही घेतली, उलटीसुलटी न करता नीट पहिल्यापासून वाचली, ओठ न हलवता. खोडलेल्या पानावर ते थांबले. "इथे खोडलंयस." "हो. तिथे जमत नव्हतं." "जमत नव्हतं म्हणजे ऐकू आलं नव्हतं," ते म्हणाले. "ज्याला ऐकू येतं ना बाळ, त्याला खोडावं लागत नाही. येतं ते सबंध येतं. नाहीतर येत नाही." आवाज मऊ होता. तिला वाटे, तेवढंच वाईट झालं. ते ओरडले असते तर ती भांडली असती; भांडायला ती कधीच मागे नव्हती, आईशी, दादाशी, शाळेतल्या बाईंशी. पण ते प्रेमाने बोलले, डॉक्टर बोलतात तसे, आणि वही परत देताना त्यांच्या तळहाताची कड तिला दिसली. करंगळीखालची कातडी शिशाने काळीभोर, चकचकीत झाली होती. विद्यार्थ्यांचे कागद तपासत असतील, असं तिला तेव्हा वाटलं होतं. वही तिने त्याच आठवड्यात रद्दीत टाकली.

आणि सहा महिन्यांनी आई गेली, आणि मग 'ओहोटी' आली. ती रचना माहीत नाही असा माणूस तिला आजवर भेटलेला नाही. मोठ्या माणसांच्या शेवटच्या यात्रेत ती वाजते, युद्धात मेलेल्यांच्या स्मरणदिनी वाजते, दूरध्वनीवर ताटकळत ठेवायचं असलं तरी वाजते. आणि तिच्याबरोबर ती गोष्टही सगळ्यांना माहीत: मास्तर पत्नीला शेवटचा निरोप देऊन घरी आले, पियानोशी बसले, आणि एका बैठकीत, एका दुपारी, एकही खोड न करता सबंध 'ओहोटी' त्यांनी उतरवली. लोक बाबांना मास्तर म्हणत. शाळेच्या पुस्तकात धडा होता. अकादमीत काचेखाली ती प्रत ठेवलेली होती, खरंच एकही खोड नसलेली, शेवटी आईच्या जाण्याची तारीख आणि बाबांची सही. दुसऱ्या कुणाचं सोडा, त्या दुपारी घरात ती स्वतः होती. फक्त एक तास नव्हती. आईची न वापरलेली औषधं परत करायला ती औषधाच्या दुकानात गेली होती, तिथे रांग होती, यायला तास लागला. आली तेव्हा बाबा खुर्चीत बूट घालूनच झोपले होते. पुढे बाबा मुलाखतींतून ती गोष्ट सांगायला लागले तेव्हा तिने मनाशी हिशेब जुळवला होता: म्हणजे त्या तासात. मी रांगेत उभी होते तेव्हा. पस्तीस वर्षं ती त्या एका तासाच्या बाहेर उभी होती. जगातली सगळ्यात मोठी गोष्ट आपल्या घरात घडली आणि आपण तेव्हा खोकल्याच्या बाटल्या परत करत होतो, हे तिने स्वतःबद्दलचं एक सत्य म्हणून स्वीकारलं होतं, जसं कुणी आपली उंची स्वीकारतं.

आता या छायाप्रतीवर काळ्या डागाच्या आजूबाजूला जे सूर शिल्लक होते ते तिने मनात वाचले. वाचायला ती विसरली नव्हती. चार सूर खाली येणारे, मग थांबा, मग परत वर जाऊ बघणारा एक. 'ओहोटी' होती ती. चुकीची, अडखळणारी, पण तीच. आईच्या मृत्यूच्या सहा महिने आधीची.

तिने अर्धी रजा टाकली. मालक म्हणाले, "बरं नाही का?" ती म्हणाली, "उत्तम आहे," आणि निघाली. बसमध्ये खिडकीशी बसून ती बाबांशी भांडत होती, पण भांडण पुढे सरकेना. ते मऊ आवाजात काहीतरी बोलत आणि तिचं वाक्य गळून पडे. मेलेल्या माणसाशी भांडायचं तर आधी त्याला खोडता यायला हवं.

ग्रंथपाल बाई तिच्याच वयाच्या होत्या. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, आणि दुसरी पेन्सिल शोधत असलेल्या. त्यांनी तिला मागच्या खोलीत नेलं. बाबा शिकवत त्या संगीतशाळेचं जुनं कोठार पाडताना एक पत्र्याची पेटी निघाली होती, कुलूप गंजलेलं, आत बाबांचे कागद. "एकसष्ट खर्डे आहेत," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज आनंदाने फुटत होता. "एकाच रचनेचे एकसष्ट! पाच वर्षांचे! मी या माणसाला आयुष्यभर घाबरत आले. काचेखालची ती प्रत पुसताना मला वाटायचं, देवा, आपण कुठे आणि हे कुठे. आणि आता ही पेटी निघाल्यापासून, खरं सांगते, माझा जीवच जडलाय त्यांच्यावर. हे बघा, हा पहिला. ओळखा पाहू कशासाठी?" पहिल्या खर्ड्यावर वर लिहिलं होतं: 'साबण. अर्धं मिनिट. हसतखेळत.' तिने सूर वाचले. चार सूर खाली येणारे, पण उड्या मारत, पोर जिना उतरतं तसे. साबणाच्या जाहिरातीची चाल. खाली दुसऱ्या कुणाच्या अक्षरात शेरा: 'नको. फेस जाणवत नाही.' ती हसायला लागली आणि हसता हसता तिला टेबलाची कड धरावी लागली. 'फेस जाणवत नाही' म्हणे. साऱ्या देशाला रडवणाऱ्या त्या चार सुरांना कुणा साबणवाल्याने फेस नाही म्हणून परत पाठवलं होतं. बाई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "मला माहीत होतं तुम्ही रागावणार नाही." "मी रागावलेय," ती म्हणाली. "तुम्हाला कल्पना नाही मी किती रागावलेय. पुढचा दाखवा."

त्यानंतर तीन आठवडे ती रोज जेवणाच्या सुट्टीत आणि शनिवारी सबंध दिवस अकादमीत जात राहिली. सरावाच्या एका खोलीत जुना पियानो होता, त्याच्या वरच्या सप्तकातल्या दोन पट्ट्या मुक्या होत्या, आणि ग्रंथपाल बाई एकेक खर्डा आणून तिच्यासमोर ठेवत. तिची बोटं सुरुवातीला लाकडासारखी चालली. मग सुताराच्या हातातल्या लाकडासारखी. आणि तिला दिसायला लागलं की बाबा कसे काम करत होते, आणि ते तिने या आधी कधी, चोरूनसुद्धा, पाहिलेलं नव्हतं. ते दार लावून बसायचे. दाराबाहेर ऐकू येई ती शांतता. त्या शांततेत हे चाललेलं होतं. चौथ्या खर्ड्यात त्यांनी साबणाची चाल नुसतीच संथ केली होती आणि ती गाढवासारखी झाली होती. बाजूला त्यांनीच लिहिलं होतं, 'गाढव'. नवव्यात सगळं दुसऱ्या पट्टीत नेलं. पंधराव्यात पहिले दोन सूर काढून टाकले, सोळाव्यात लाजत परत आणले. बाविसाव्यात सूरच नव्हते, नुसती लय, उभ्या रेघांची, आणि मध्येच 'दूध, पाव, डॉक्टर चारला'. सत्ताविसावा तो तापाचा. काळा डाग मूळ पानावर नुसता डाग नव्हता, भोक पडलं होतं. कागद उजेडाकडे धरून तिने मोजलं, एकोणीस वेळा खोडून पुन्हा लिहिल्याच्या खुणा सापडल्या, आणि विसाव्यांदा पेन्सिल आरपार गेली होती. एकोणीस. तिने तीनदा खोडलं होतं. आणि त्याच दिवशी, हातावर हेच शिसं घेऊन, ते स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसले होते.

तिला हे पुन्हापुन्हा घोळवून बघावं लागे. खोटं बोलले हे उघड होतं. पण कशासाठी बोलले? तिच्या रचनेत काही होतं म्हणून हेव्याने? छे, एवढं काही नव्हतं तिच्यात, हे ती आता शांतपणे सांगू शकत होती. की त्यांना स्वतःला तसं वाटत होतं? आत बायको तापाने फणफणलेली, समोर कागदाला पडलेलं भोक, आणि ज्याला खरंच ऐकू येतं असा कुणीतरी जगात आहे आणि तो आपण नव्हे, अशी खात्री. ते तिला सांगत नव्हतेच, स्वतःला सांगत होते. ती फक्त मध्ये उभी होती. हे सुचलं तेव्हा तिला वाटलं की आता आपला राग उतरेल. उतरला नाही. उलट त्याला आता एक नेमकी जागा सापडली. घाबरलेल्या माणसाने घाबरलोय म्हणावं. एवढंच म्हटलं असतं, 'बाळ, मलाही जमत नाहीये, बघ,' आणि ते भोक दाखवलं असतं, तर ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसली असती आणि दोघांनी मिळून कागद वाया घालवले असते. त्याऐवजी त्यांनी पेटीला कुलूप लावलं, आणि आई गेल्यानंतर दोन वर्षांनी काम पुरं झाल्यावर एक स्वच्छ प्रत केली आणि खाली खोटी तारीख घातली. आईच्या जाण्याच्या दिवसाची. त्या दिवसाचा खर्डा नव्हताच. चाळिसावा आईच्या आजारातला, एक्केचाळिसावा ती गेल्यावर चार महिन्यांनी. मधली जागा रिकामी. त्या दुपारी, ती औषधाच्या दुकानात होती त्या तासात, त्यांनी काहीही लिहिलेलं नव्हतं. ते फक्त झोपले होते. हे कळलं तेव्हा ती पियानोवरून उठली आणि खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत आली, इतकं तिला हलकं वाटलं. तिच्या हातून काहीही निसटलं नव्हतं.

दादाचा निरोप त्याच सुमारास आला. तो डोळ्यांचा डॉक्टर होता, आणि बाबा गेल्यापासून बाबांचं नाव सांभाळायचं काम त्याने अंगावर घेतलेलं होतं. दरवर्षी कुठे ना कुठे जाऊन तो त्या दुपारची गोष्ट सांगत असे, आणि ती फार चांगली सांगत असे. ती गेली तेव्हा त्याच्या दवाखान्यात अकादमीचे अध्यक्ष येऊन बसले होते. महिनाअखेरीला बाबांची जन्मशताब्दी होती, अकादमीत त्यांच्या नावाचं दालन उघडायचं होतं. टेबलावर एक कागद होता: सापडलेले खर्डे पन्नास वर्षं मोहोरबंद ठेवावेत. दोघा वारसांच्या सह्या लागत होत्या. दादाची झाली होती.

"नष्ट करा असं कुणीच म्हणत नाही, ताई," अध्यक्ष म्हणाले. "पण लोकांच्या मनात एक चित्र आहे."

"खोटं आहे ते."

"सुंदर आहे."

"साबणाचं आहे," ती म्हणाली.

अध्यक्षांनी दादाकडे पाहिलं. दादाने त्यांना दोन मिनिटं बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावलं. भिंतीवर नजर तपासायचा तक्ता होता, वर मोठी अक्षरं, खाली लहान होत गेलेली. तो म्हणाला, "तुला त्यांच्यावर सूड उगवायचाय."

"थोडासा," ती म्हणाली. "का नको?"

"आई मरत होती आणि हा माणूस जाहिरातीची चाल घासत बसला होता, असं म्हणतील लोक."

"बसलेच होते. तिच्या उशाशी बसून घासत होते. मी पाहिलंय ना, कागदावर ताप लिहिलाय तिचा. बायकोचा ताप लिहायचा आणि वर सूर लिहायचा, दुसरं काय येत होतं त्यांना? मला त्याची लाज नाही वाटत. मला काचेखालच्या त्या पानाची वाटते."

 तो खुर्चीत मागे टेकून, डॉक्टरकीचा आवाज सोडून म्हणाला, "मी नव्हतो गं तिथे. परगावी परीक्षा देत होतो. तार मिळाली, निघालो, दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो, सगळं आटोपलेलं. माझ्याकडे त्या दिवसाचं काहीच नाही. ही गोष्ट तेवढी आहे. मला वाटतं, मी नव्हतो, पण त्या घरात काहीतरी झालं. आईच्या जाण्याचं काहीतरी झालं. आणि तू तेही काढून घेतेस."

त्याने इतक्या वर्षांत असं कधी म्हटलं नव्हतं. तिला क्षणभर पेन उचलावंसं वाटलं. सही ती काय, दोन अक्षरं. मग ती म्हणाली, "मी होते. मी सांगते काय झालं. बाबा घरी आले, खुर्चीत बसले, आणि बूटसुद्धा न काढता झोपले. मी औषधं परत करून आले, त्यांचे बूट काढले. एका मोज्याला भोक होतं. जाग आल्यावर त्यांनी विचारलं, तिने औषध घेतलं का. हे झालं त्या घरात, दादा. सतरा वर्षांची होते मी. कुणी विचारलंच नाही मला."

दादाने चष्मा काढला आणि पुसत बसला. "सही कर," तो हळूच म्हणाला.

"नाही."

"मग शताब्दीला बोलू नकोस तरी. दोन मिनिटं तुझ्या नावावर आहेत. नुसते आभार मान."

"बोलणार नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

दालन उघडायचा कार्यक्रम सकाळी अकराला होता. दीडशे खुर्च्या, त्यांच्या कापडी खोळी नव्या, पुढे पियानो, काळा, इतका घासलेला की त्यात खिडक्या दिसत होत्या. अध्यक्ष बोलले. एका बैठकीत, एका दुपारी. दादा बोलला, पण त्या दिवशी ती गोष्ट सांगताना तो अडखळला, दोनदा पाणी प्यायला. मग तिचं नाव पुकारलं. तिने अंगावर रोजचेच कपडे घातले होते आणि काखेत एक जाड पाकीट धरलं होतं. ती माईकपाशी थांबलीच नाही. पियानोशी बसली, छायाप्रती समोर लावल्या, आणि मान वळवून म्हणाली, "पहिला. साबणासाठी." आणि वाजवला. अर्ध्या मिनिटाचा. सभागृहात कुणी हललं नाही. चार सूर सगळ्यांना ओळखू आले होते आणि त्यांचं काय करावं ते कुणाला कळत नव्हतं. मग तिने शेरा वाचला, "नको. फेस जाणवत नाही." मागच्या रांगेत कुणीतरी बाई फिसकन हसली, तोंड दाबून, आणि मग दाबता न आल्यामुळे मोठ्याने.

"चौथा," ती म्हणाली. "इथे त्यांनी स्वतःच लिहिलंय, गाढव."

अध्यक्ष उठले, बसले, दादाकडे झुकले. कुणीतरी जाऊन माईक बंद केला. तिला त्याची गरज नव्हती. नववा. पंधरावा. सोळावा. ती नंबर सांगे, तारीख सांगे आणि वाजवे, कधी चारच मात्रा, कधी पानभर. जिथे बाबांनी सोडून दिलं होतं तिथे ती हात उचलून थांबे, आणि ते थांबणं सभागृहाला ऐकू येई. सत्ताविसाव्याला तिने तापाचे आकडे वाचले. मग ती एकच जागा वाजवली, एकोणीस वेळा, जशी खुणांवरून लागली होती तशी, प्रत्येक वेळी थोडी वेगळी, प्रत्येक वेळी चुकीची. दहाव्या वेळेला लोक चुळबुळले. बाराव्याला दोघं-तिघं उठून गेले. पंधराव्याच्या सुमारास काहीतरी बदललं. लोक पुढे झुकले, जड कपाट सरकवणाऱ्याकडे बघताना आपलेच खांदे ताठ होतात तसे. एकोणिसाव्यानंतर ती म्हणाली, "इथे कागद फाटला," आणि पान उलटलं. दादा पहिल्या रांगेत होता. तो उठून जाईल असं तिला वाटत होतं. तो गेला नाही. त्याचे हात गुडघ्यांवर होते आणि तो तिच्याकडे नव्हे, जमिनीकडे बघत होता.

अडतिसावा मोठा होता, सबंध, आणि 'ओहोटी'पेक्षा वेगळाच, मध्यभागी एक लांबलेला सूर असलेला. तो वाजवताना तिला नेहमी वाटे की इथे ते चुकून दुसऱ्याच कुठल्या तरी चांगल्या घरात शिरले होते आणि घाबरून बाहेर आले. चाळिसाव्यानंतर ती पट्ट्यांवरून हात काढून बसली. "यानंतर चार महिने काही नाही," ती म्हणाली. "ज्या दुपारची गोष्ट तुम्ही ऐकली ती इथे येते." आणि तिने ती शांतता तशीच राहू दिली. मग एक्केचाळीस. पन्नास. एकसष्ट. एकसष्टावा जवळजवळ तोच होता, सगळ्यांना पाठ असलेला. फक्त शेवटी एक सूर जास्त होता. तो तिने वाजवला, आणि छायाप्रती गोळा करायला लागली.

सभागृह वाट बघत होतं. दीडशे माणसांच्या कानांत तो सूर अडकलेला होता आणि त्यांना खरी 'ओहोटी' हवी होती. अध्यक्षांना बहुधा वाटलं की सावरायची संधी हीच. ते हसतमुखाने पुढे आले. "आणि आता, ताई, मूळ रचना..."

"ती तुम्हाला येते," ती म्हणाली, आणि पियानोचं झाकण लावलं.

टाळ्या पडल्या, पण विस्कळीत, काही भागातून जोरात, काही भागातून अजिबात नाहीत. ग्रंथपाल बाई दाराशी उभ्या राहून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होत्या, दोन्ही पेन्सिली अंबाड्यात. दादा तिच्याजवळ आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "तो तापाचा कागद," तो म्हणाला, "तो मूळ बघायला मिळेल?" "सोमवारपासून वाचनालयात. कुणालाही," ती म्हणाली. त्याने मान हलवली आणि अध्यक्षांना न भेटता निघून गेला. एका वर्तमानपत्राची बातमीदार मुलगी वही काढून उभी राहिली: "म्हणजे एवढं कळल्यावर आता तुम्हीही पुन्हा लिहायला लागणार?" "नाही," ती म्हणाली. "पस्तीस वर्षं गेली ती गेली. ती कुणी परत देत नाही, मला तसं नाटकही करायचं नाही. मी कवळ्या करते आणि चांगल्या करते. तुम्हाला गोड शेवट हवा असेल तर साबणाची चाल छापा." मुलीने ते सगळं लिहून घेतलं.

लोक पांगले. कामगार खुर्च्या एकात एक घालून भिंतीशी रचत होते. ती पाकीट बांधत होती तेव्हा एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत टेकत पुढे आले, नव्वदीच्या घरातले, कोटाची बटणं एक घर चुकून लावलेली. ते म्हणाले, "मी व्हायोलिन वाजवायचो मास्तरांकडे. आम्ही चौघं होतो. आता मी एकटा." ती उठायला लागली तर त्यांनी हातानेच बसा म्हटलं. "तो अडतिसावा. आम्ही वाजवलाय तो. महिनाभर तालीम झाली त्याची. मग एक दिवस आले आणि म्हणाले, कागद परत द्या, आणि कुणाला बोलू नका. आम्ही कुणीच बोललो नाही. तिघं तर न बोलताच गेले." ते धापा टाकत थांबले. तिला वाटलं आता ते रडतील, किंवा आभार मानतील. पण ते म्हणाले, "चुकीचा वाजवलात तुम्ही."

"कुठे?"

"तो लांब सूर येतो ना, त्याच्या पुढच्या मात्रेला. घाई केलीत. कागदावर नाही ते, तोंडी सांगितलं होतं आम्हाला. तिथे सूर सोडायचा नाही. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की वाजवणारा विसरला."

तिने पाकीट पुन्हा सोडलं. झाकण उघडलं. अडतिसावा काढून समोर लावला आणि त्या लांब सुरापाशी आली, आणि तो सोडला नाही. खुर्च्या रचणाऱ्यांपैकी एकजण खुर्ची हातात धरून उभा राहिला. मग तिने पुढचा सूर वाजवला आणि वर पाहिलं.

गृहस्थांनी मान हलवली. "अजून घाई आहे," ते म्हणाले. "परत."